दुधाची तपासणी गोठ्याजवळ हवी

कृष्णा आणि पंचगंगा यांच्या संगमावर वसलेली नृसिंहवाडी दत्तभक्तांचे क्षेत्र म्हणून महाराष्ट्रात आणि कर्नाटकात सर्वत्र परिचित आहे. दर पौर्णिमेस येथे यात्रेकरूंची दाटी होते, आणि पादुकांचे दर्शन घेऊन परतणारा यात्रेकरू पेढ्यांचा पुडा घेतल्याशिवाय सहसा वाडी सोडीत नाही. पेढे आणि बासुंदी यांचा हा व्यापार दुधावर उभा आहे. दूध गोठ्यावर, गोठा वैरणीवर व पेंडीवर, आणि पेंडीचे पोते ज्या कोपऱ्यात ठेवलेले असते तो कोपरा पावसाळ्यात बहुधा ओला असतो. या शेवटच्या गोष्टीकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष जात नाही.

सन २००५, २०१९ आणि २०२१ या वर्षांच्या महापुरांत शिरोळ तालुक्यातील नदीकाठच्या गावांनी माणसे व जनावरे हलविली, पिके गमावली आणि भिंती पुन्हा उभारल्या. पूर ओसरला की पडलेल्या घरांचा, कुजलेल्या उसाचा, दगावलेल्या जनावरांचा पंचनामा होतो. जी पेंड प्रत्यक्ष पाण्याखाली गेली ती टाकून दिली जाते. परंतु जे पोते पाण्यात बुडाले नाही, केवळ तीन आठवडे ओलाव्यात उभे राहिले, त्याचा पंचनामा कोणी करीत नाही. ते पोते उघडले जाते, वरचा गोळा झालेला थर हाताने बाजूस सारला जातो, आणि खालची पेंड जनावरापुढे जाते. महापूर नसलेल्या वर्षीही श्रावण-भाद्रपदात हेच थोड्या प्रमाणात घडत असते. "माणसाला नाही चालत, जनावराला चालते," हे वाक्य गोठ्यागोठ्यांतून ऐकू येते. ते खरे नाही.

भुईमूग, सरकी आणि मका यांवर दमट हवेत अॅस्परजिलस फ्लेव्हस नावाची पिवळसर हिरवी बुरशी वाढते व ती अफ्लाटॉक्सिन हे विष निर्माण करते. हे विष जगाच्या ध्यानात आले ते एका पशुखाद्यामुळेच. सन १९६० मध्ये इंग्लंडमध्ये सुमारे एक लक्ष टर्की पक्षी अल्पावधीत मेले. शोध घेता त्यांच्या खाद्यातील भुईमुगाची पेंड बुरशीने विषारी झालेली आढळली. आपल्या देशात सन १९७४ मध्ये राजस्थानातील बांसवाडा आणि गुजरातेतील पंचमहाल या शेजारच्या जिल्ह्यांत अवकाळी पावसाने भिजलेला मका खाल्ल्यामुळे यकृताच्या विकाराची साथ उद्भवली आणि शंभराहून अधिक माणसे दगावली. त्या घरांतील कुत्र्यांतही तोच विकार दिसला होता. माणसाचे अन्न आणि जनावराचे अन्न असा भेद हे विष करीत नाही.

दुभत्या जनावराने असे खाद्य खाल्ले म्हणजे त्यातील विषाचा थोडा भाग, साधारणपणे शंभरात एक ते दोन, बदललेल्या रूपात दुधात उतरतो. या रूपास अफ्लाटॉक्सिन एम-१ म्हणतात. ते मूळ विषापेक्षा सौम्य आहे, पण निरुपद्रवी नाही. लहान मुलांच्या बाबतीत तर मुळीच नाही. खाद्य पोटात गेल्यापासून चोवीस तासांच्या आत ते दुधात दिसू लागते, आणि दूषित खाद्य बंद केल्यावर तीन-चार दिवसांत ते दुधातून जवळजवळ नाहीसे होते. या दोन गोष्टी ग्रामपातळीवरील प्रत्येक कार्यकर्त्याने मुखोद्गत ठेवाव्यात, कारण पुढील सर्व विवेचन त्यांवर उभे आहे.

आकड्यांत पाहू. भारतीय मानकाप्रमाणे एक किलो पशुखाद्यात या विषाचे प्रमाण २० मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक नसावे. एक मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लक्षावा भाग. एखादी गाय दिवसास ५ किलो खाद्य खात असेल आणि ते या मर्यादेवर असेल, तर तिच्या पोटात १०० मायक्रोग्रॅम विष जाते. त्यातील एक ते दोन मायक्रोग्रॅम दुधात येते. ती १० लिटर दूध देत असेल तर लिटरमागे ०.१ ते ०.२ मायक्रोग्रॅम पडले. दुधासाठी आपल्या देशात ठरविलेली मर्यादा किलोमागे ०.५ मायक्रोग्रॅम आहे. तेव्हा हे दूध तीत बसते. परंतु ओलावा लागलेल्या पेंडीत विषाचे प्रमाण किलोमागे १०० मायक्रोग्रॅम झाले, तर तेच दूध लिटरमागे ०.५ ते १.० वर जाते. पेंड तितकीच, गाय तीच, दूध तेवढेच. आणि दुधाचा रंग, वास, चव, फॅट, एसएनएफ यांपैकी कशातही फरक पडत नाही. लॅक्टोमीटर येथे निरुपयोगी आहे. पंचवीस वर्षे दूध हाताळलेल्या गवळ्याची जीभही निरुपयोगी आहे.

उकळल्याने जंतू मरतात, म्हणून दूध उकळून प्यावे हे गृहिणींनी आता चांगले आत्मसात केले आहे. हे विष मात्र जंतू नव्हे, आणि दूध उकळण्याच्या उष्णतेने ते नष्ट होत नाही. पाच लिटर दूध आटवून एक किलो खवा काढला तर पाणी उडून जाते, विष कढईतच राहते, आणि वजनाच्या मानाने ते जवळजवळ पाचपट दाट होते. ज्या गावाचे नाव पेढे-बासुंदीशी जोडलेले आहे त्या गावाने हा हिशेब इतरांपेक्षा आधी मांडावयास हवा. हे भय पसरविण्यासाठी लिहिलेले नाही. वाडीच्या पेढ्यात विष आहे असे म्हणण्यास कोणताही आधार नाही. तपासणी नसताना ते नाही असे म्हणण्यासही आधार नाही, एवढेच येथे सांगावयाचे आहे.

भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने सन २०१८ मध्ये देशभर दुधाचे सर्वेक्षण केले. ६,४३२ नमुन्यांपैकी भेसळीमुळे असुरक्षित असे केवळ १२ निघाले. मर्यादेपेक्षा अधिक अफ्लाटॉक्सिन एम-१ असलेले नमुने ३६८ होते, म्हणजे शेकडा ५.७. ज्या भेसळीची चर्चा चावडीवर रोज होते तिच्यापेक्षा ज्याचे नावही कोणी घेत नाही ते विष तीसपट अधिक ठिकाणी सापडले. आणखी एक बाब नोंदवावी लागते: हे नमुने पन्नास हजारांहून अधिक लोकवस्तीच्या १,१०३ शहरांतून घेतलेले होते. नृसिंहवाडीसारखी गावे त्यात येत नाहीत. जेथे दूध प्याले जाते तेथे तपासणी झाली. जेथे ते निघते तेथे झाली नाही.

आता तपासणीच्या साधनांकडे वळू. मोठ्या दूध संघांच्या प्रयोगशाळांत आज जलद चाचणीच्या कागदी पट्ट्या वापरल्या जातात. करोनाच्या साथीत घरोघरी पोहोचलेली पट्टी वाचकांस आठवत असेल. हीही त्याच घराण्यातली. पट्टीवर प्रतिपिंडे, म्हणजे ठराविक पदार्थ ओळखून त्यास धरून ठेवणारी प्रथिने, लावलेली असतात. त्यांना सोन्याचे अतिसूक्ष्म कण जोडलेले असतात व त्या कणांमुळे लाल रेघ उमटते. येथे मात्र एक फरक आहे आणि तो न समजल्यास मोठा घोटाळा होतो. करोनाच्या पट्टीवर दुसरी रेघ उमटली तर रोग आहे असे समजले जाई. अफ्लाटॉक्सिनचा रेणू फार लहान असल्यामुळे या पट्टीची रचना उलटी असते: दुधात विष असेल तर ते प्रतिपिंडांना आधीच अडवून ठेवते आणि रेघ उमटू देत नाही. रेघ ठळक, तर दूध चांगले. रेघ पुसट किंवा नाहीशी, तर विष आहे.

आता पहाटे साडेपाच वाजता, एका दिव्याच्या उजेडात, बाहेर किटल्यांची रांग उभी असताना दूध संस्थेच्या सचिवाने ती पट्टी वाचावयाची आहे. रेघ ना ठळक ना पुसट. सचिव म्हणणार, "तात्या, रेघ पुसट दिसते." तात्या म्हणणार, "आहे की रेघ! नीट बघा की ओ." दोघेही खोटे बोलत नसतात. परंतु या एका रेघेवर एका घराचे दोन्ही वेळचे दूध अडते, आणि अशा वादात शेवटी ज्याचा आवाज मोठा त्याची रेघ ठळक ठरते. पट्टी गावात रुजावयाची असेल तर ती डोळ्यांच्या भरवशावर चालणार नाही. तिला आकडा दिला पाहिजे.

हा आकडा देण्याचे जे उपाय संशोधकांनी पुढे आणले आहेत, त्यांत चुंबकीय कणांचा उपाय शेतकऱ्यास समजण्यास सर्वांत सोपा आहे, कारण त्याचा पहिला धडा नदीकाठच्या मुलांनी खेळताना गिरविलेला असतो. सह्याद्रीच्या काळ्या खडकातून उतरणाऱ्या नद्यांच्या वाळूत लोहचुंबक फिरविले की काळे बारीक कण त्यास दाढीसारखे चिकटतात. त्या कणांत मॅग्नेटाइट नावाचे लोहखनिज असते. याच जातीच्या लोहभस्माचे, डोळ्यांस न दिसणारे कण प्रयोगशाळेत तयार करून त्यांवर प्रतिपिंडे बसविता येतात. असे कण दुधात मिसळून ढवळले की ते विषाचे रेणू धरतात. मग भांड्याच्या बाहेरून लोहचुंबक लावला की सारे कण एका बाजूस गोळा होतात आणि स्निग्धांश, प्रथिने, साखर असलेले बाकीचे दूध ओतून टाकता येते. पेलाभर दुधातील विष अशा रीतीने थेंबभर पाण्यात आणता येते. हे कण इतके बारीक असतात की लोहचुंबक दूर केला म्हणजे त्यांचे चुंबकत्व लोपते व ते एकमेकांस चिकटून गुठळ्या करीत नाहीत. करोनाच्या काळात, सन २०२० मध्ये, तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेने रुग्णाच्या नमुन्यातून विषाणूचे जनुकद्रव्य वेगळे करण्याचा जो संच तयार केला, तो याच तत्त्वावर होता. तेव्हा ही विद्या परदेशी राहिलेली नाही.

दुसरा उपयोग पट्टीवरच होतो. सोन्याच्या कणांऐवजी चुंबकीय कण लावले तर रेघ डोळ्यांनी पाहण्याऐवजी संवेदकाने मोजता येते. डोळ्यास किंवा प्रकाशावर चालणाऱ्या यंत्रास पट्टीच्या वरच्या पातळ थरातील कणच दिसतात. चुंबकीय संवेदक पट्टीच्या संपूर्ण जाडीतील कण मोजतो. दूध पांढरे असो, पट्टीवर डाग पडो, खोलीत उजेड कमी असो, त्याने बिघडत नाही, कारण दुधास स्वतःचे असे चुंबकत्व जवळजवळ नसते. शिवाय लोहाचे कण रंगाप्रमाणे विटत नाहीत, म्हणून आज वाचलेली पट्टी जपून ठेवून वाद झाल्यास पुन्हा वाचता येते. तंट्याच्या दृष्टीने हा गुण लहान नाही. अशा संवेदकांचा एक प्रकार ज्या शोधावर आधारलेला आहे, तो सन १९८८ मध्ये आल्बेर फेर आणि पेटर ग्र्युनबेर्ग यांनी स्वतंत्रपणे लावला आणि सन २००७ मध्ये त्यांना त्याबद्दल पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळाले. विशिष्ट पातळ थरांच्या धातूचा विद्युत्‌रोध क्षीण चुंबकीय क्षेत्रानेही बदलतो, असा तो शोध होता. संगणकाच्या तबकडीवरील माहिती वाचण्यासाठी तो पुढे घरोघर पोहोचला.

या यंत्रांचे वर्णन वाचून ती आल्यावर पाहू असे म्हणत बसणे योग्य होणार नाही. चुंबकीय वाचनयंत्रे आजही मुख्यतः संशोधनशाळांत आहेत; डेअऱ्यांत चालतात त्या बहुतेक पट्ट्या सुवर्णकणांच्याच आहेत, आणि त्यांचा रंग मोजणारी प्रकाशयंत्रेही मिळतात. आहे त्या साधनाने आरंभ करावा आणि नव्याची मागणी डोळसपणे करावी. यंत्र येईल तेव्हा ते कोणत्या मर्यादेपासून खात्रीने मोजते, प्रत्येक नव्या खेपेच्या पट्ट्यांसाठी त्याची जुळणी कोण करणार, पट्ट्या किती उष्णतेत टिकतात, हे आधी विचारून घ्यावे. प्रतिपिंडे ही प्रथिने आहेत; पत्र्याच्या छपराखाली चैत्र-वैशाखात ती खराब होतात. बिघडलेली पट्टी यंत्रात घातली तरी यंत्र आकडा दाखविणारच, आणि चुकीचा आकडा पुसट रेघेपेक्षा अधिक घातक असतो, कारण त्याच्याशी कोणी वाद घालीत नाही. जलद चाचणीत दोषी ठरलेल्या नमुन्याची प्रयोगशाळेत फेरतपासणी व्हावी, हा नियम कोणत्याही यंत्राने रद्द होत नाही.

खरा मतभेद यंत्राविषयी नाही; यंत्र कोठे ठेवावे याविषयी आहे. संघाच्या गोदीवर टँकर तपासला जातो, मग गावात वेगळी तपासणी कशास, असा प्रश्न जबाबदार माणसेही करतात. त्याचे उत्तर साध्या गणितात आहे. एका घरच्या १० लिटर दुधात लिटरमागे २ मायक्रोग्रॅम, म्हणजे मर्यादेच्या चौपट विष आहे असे समजू. ते दहा हजार लिटरच्या टँकरमध्ये मिसळले की त्याचा वाटा लिटरमागे ०.००२ होतो आणि कोणत्याही पट्टीस तो दिसत नाही. टँकर उत्तीर्ण होतो. शहरातील ग्राहक सुरक्षित राहतो. परंतु त्याच गोठ्यातील अर्धा लिटर दूध संस्थेत जाण्यापूर्वी घरात ठेवलेले असते आणि ते घरच्या पोरास दिले जाते. त्यात काहीही मिसळलेले नसते. टँकरवरील तपासणी शहराचे रक्षण करते. ज्याने पहाटे उठून धार काढली त्याच्या मुलाचे रक्षण ती करीत नाही. तेच १० लिटर दूध संस्थेच्या ४० लिटरच्या कॅनमध्ये पडले तर लिटरमागे ०.५ येते, म्हणजे नेमके मर्यादेवर. गावातील कॅन ही शेवटची जागा आहे जेथे दोष अजून ओळखू येतो आणि तो कोणत्या चार घरांपैकी आहे हे शोधता येते.

पेंडच का तपासू नये, असेही विचारले जाईल. तपासावी, पण पेंडीत विष सारखे पसरलेले नसते. एका गोळ्यात ते भरपूर असते आणि हातभर अंतरावर मुळीच नसते. पोत्याच्या तोंडाशी मूठ घालून काढलेला नमुना काहीच सांगत नाही. अनेक पोत्यांतून, वरून-मधून-खालून थोडे थोडे घेऊन, एकत्र दळून मग नमुना करावा लागतो. दुधाच्या बाबतीत हे कष्ट गाईने आधीच केलेले असतात. दिवसभर खाल्लेले सारे तिने एकत्र केलेले असते. म्हणून गावासाठी दुधाची चाचणी प्रथम, आणि दोष दिसल्यावर त्या घरच्या पेंडीची, हा क्रम अधिक व्यवहार्य आहे.

दूध उत्पादकाच्या मनातील भीती मात्र गणिताने जाणार नाही. तपासणी म्हणजे दूध नाकारणे, अशी त्याची समजूत आहे, आणि ती अनुभवातून आलेली आहे. मर्यादेबाहेरचे दूध विकले जाऊ नये हे खरेच. ते घरीही पिऊ नये. पण दोष दिसल्यापासून खाद्य बदलून दूध पुन्हा शुद्ध होण्यास चार-पाच दिवस पुरतात, आणि त्या दिवसांची नुकसानी एकट्या उत्पादकाने सोसावी हे न्याय्य नाही. पुष्कळ ठिकाणी पशुखाद्य संस्थेच्याच काउंटरवरून उधारीवर घेतलेले असते व त्याची रक्कम दुधाच्या बिलातून कापली जाते. जिने खाद्य विकले तिने खाद्याच्या दोषाचाही वाटा उचलावा. ज्या खेपेतील पोते दूषित निघेल ती संपूर्ण खेप परत घेण्याचा आणि त्या काळातील दुधाचा मोबदला देण्याचा ठराव संस्थांनी वार्षिक सभेत आधीच करून ठेवावा. असा ठराव नसताना आणलेले यंत्र कितीही अचूक असले तरी उत्पादक त्यास शत्रूच मानील, आणि ज्याच्या गोठ्यात दोष असेल तोच त्या दिवशी दूध घेऊन येणार नाही. ते दूध मग कोठे जाईल हे सांगावयास नको. निकाल फलकावर लिहिण्याऐवजी प्रथम त्या घराच्या कर्त्यास सांगावा, हे सौजन्यही येथे उपयोगी पडेल. कर्ता म्हणजे गोठा प्रत्यक्ष पाहणारी व्यक्ती, आणि पुष्कळ घरांत ती बाई असते.

यंत्र असो वा नसो, पोत्याची व्यवस्था आजपासून होऊ शकते. पेंड व भरडा जमिनीवर न ठेवता फळ्यांवर, भिंतीपासून हातभर दूर ठेवावा. पावसाळ्यात पंधरा दिवसांपेक्षा अधिक पुरेल एवढा साठा करू नये. जुने पोते संपल्याशिवाय नवे उघडू नये. उन्हात वाळविल्याने बुरशीची वाढ थांबते, झालेले विष जात नाही, म्हणून गोळे झालेली पेंड वाळवून पुन्हा वापरणे फसवे आहे. चांगल्या पेंडीत मिसळून ती खपविणे तर गुन्हाच समजावा.

पुढील पावसाळ्यासाठी नदीकाठच्या संस्थांनी एवढे केले तरी पुष्कळ आहे: श्रावणाच्या आरंभापासून दिवाळीपर्यंत आठवड्यातून एकदा प्रत्येक कॅनची पट्टी-चाचणी करावी, पट्टी दोघांनी दिवसाच्या उजेडात वाचून नोंदवहीत दोघांच्या सह्या घ्याव्यात, संशयित कॅनमधील घरांचे दूध दुसऱ्या दिवशी वेगवेगळे तपासावे, आणि पेंड बदलल्यावर पाचव्या दिवशी पुन्हा. महापूर ओसरल्यावर पहिले दोन आठवडे ही तपासणी रोज असावी. पंचनाम्यासाठी गावात येणाऱ्या कर्मचाऱ्यांनी त्याच फेरीत पेंडीच्या पोत्यात हात घालून पाहण्यास काहीच हरकत नाही.